तेहतीस खाणकामगार, एक अब्जाधीश राष्ट्राध्यक्ष आणि एक सोयीस्कर मिथक

१/ इतिहासाच्या नावाखाली समाजमाध्यमांवर ज्या बोधकथा फिरतात, त्यांतली एक चिलीची आहे. २०१० साली अटाकामा वाळवंटातील एका खाणीत ३३ कामगार अडकले. देशाचा राष्ट्राध्यक्ष नुकताच निवडून आलेला अब्जाधीश उद्योगपती होता. त्याने एखादी कंपनी चालवावी तशी सारी सूत्रे हाती घेतली आणि ६९ दिवसांनंतर सगळेच्या सगळे जिवंत बाहेर आले. तात्पर्य असे की, देश उद्योगपतींच्या हाती द्यावा.

२/ यातली घटना खरी आहे आणि तात्पर्य खोटे आहे. सेबास्तियान पिन्येरा यांची कारकीर्द सलग वाचली, तर ही कथा ज्या मताच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते त्याच मताचे ती खंडन करते, असे माझे म्हणणे आहे. धागा लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

३/ आपल्याकडच्या वादपरंपरेत पूर्वपक्ष नीट मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला तोंड उघडण्याचा अधिकार नसतो. म्हणून आधी पूर्वपक्ष. राजकारण्याने आयुष्यात काही उभे केलेले नसते, उद्योगपतीने केलेले असते. त्याला हिशेब कळतो. तो निर्णय लांबवत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्यापाशी इतका पैसा असतो, की त्याला खाण्याची गरजच उरत नाही.

या पक्षाला पिन्येरा यांच्याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. हार्वर्डची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट, दोन अब्ज डॉलरहून अधिक संपत्ती, अफाट कष्टाळूपणा, लोकशाही मार्गाने दोनदा मिळवलेले राष्ट्राध्यक्षपद. लष्करशहा ऑगस्तो पिनोशे यांनी सत्तेत राहावे की नाही, यावर १९८८ साली सार्वमत झाले, तेव्हा उजव्या विचारांच्या या माणसाने उघडपणे ‘नाही’ असे मत दिले होते. एखादा विदूषक निवडून त्याला झोडपणे सोपे असते. पिन्येरा विदूषक नव्हते, म्हणूनच ते निवडले.

४/ जन्म १ डिसेंबर १९४९, सांतियागो. वडील ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचे आणि राजनैतिक अधिकारी. १९७६ साली डॉक्टरेट घेऊन मुलगा सत्तरच्या दशकातल्या चिलीत कामाला लागला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथवले होते. संसद बंद होती, पक्ष बंद होते, कामगार संघटनांची कंबर मोडलेली होती आणि शिकागो विद्यापीठात शिकून आलेले अर्थतज्ज्ञ संपूर्ण देशाची फेरमांडणी बाजाराच्या तत्त्वावर करत होते. विरोधाचा आवाज उठण्याची शक्यताच नसलेली अशी प्रयोगशाळा अर्थशास्त्रज्ञांना क्वचितच मिळते.

५/ ‘शून्यातून उभे केले’ हा शब्दप्रयोग उद्योगपतींच्या चरित्रांत हटकून येतो. पिन्येरा यांच्या बाबतीत हे शून्य कुठे होते, ते शोधू या.

पहिली मोठी कमाई क्रेडिट कार्डांची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘बँकार्ड’ ही कंपनी काढून त्यांनी चिलीत हा व्यवहार रुजवला. कल्पकता होतीच. पण कल्पना ज्या मोकळ्या केलेल्या वित्तबाजारात रुजली, तो बाजार हुकूमशाहीच्या वटहुकमांनी घडवलेला होता.

६/ मग ‘बँको दे ताल्का’. या बँकेचे ते महाव्यवस्थापक होते. बँक कोसळली, सरकारने ताब्यात घेतली आणि १९८२ साली पिन्येरा यांच्या अटकेचा आदेश निघाला. ते २४ दिवस भूमिगत राहिले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. दोष सिद्ध झालेला नाही, तेव्हा तो त्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. मला वेगळीच गोष्ट नोंदवायची आहे. बाजाराच्या त्या विशुद्ध प्रयोगशाळेत १९८२–८३ साली बँकांमागून बँका बुडू लागल्या, तेव्हा त्या सावरायला धावले ते सरकारच.

७/ थोरले बंधू होसे पिन्येरा यांचे नाव इथे घ्यावे लागते, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. ते पिनोशे यांचे कामगारमंत्री. निवृत्तिवेतनाची सार्वजनिक व्यवस्था मोडून प्रत्येक कामगाराची बचत खासगी निधी-कंपन्यांच्या हाती सोपवणारा कायदा त्यांनी १९८० साली आणला; १ मे १९८१ पासून तो अमलात आला. मुहूर्तासाठी कामगारदिनच निवडला, यातला विनोद तेव्हा उघडपणे करण्याची कुणाची छाती नव्हती. ही व्यवस्था इतकी उत्तम होती, की सैन्यदलांना तीतून वगळण्यात आले. त्यांची जुनी पेन्शन शाबूत राहिली.

८/ आणि मग ‘लॅन’. चिलीची राष्ट्रीय विमानकंपनी, स्थापना १९२९, मालकी सरकारची. १९८९ साली, लष्करी राजवटीच्या अखेरच्या वर्षात, तिचे खासगीकरण झाले. १९९४ साली क्वेतो कुटुंब आणि पिन्येरा यांनी तिच्यावर नियंत्रण मिळवले. पुढे त्यांनी ती लॅटिन अमेरिकेतील बलाढ्य विमानकंपनी केली, याचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. मात्र धावपट्ट्या, विमाने, हवाई मार्गांचे हक्क, प्रशिक्षित वैमानिक आणि साठ वर्षांची पत हे सारे जनतेच्या पैशाने आधीच उभे होते. यालाच शून्य म्हणायचे असेल, तर आपल्याला आर्यभटापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.

९/ १९८८ च्या ‘नाही’चे मोल मी कमी लेखत नाही. परंतु पुढच्याच वर्षी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रचाराची धुरा वाहिली ती एर्नान बूची यांची, म्हणजे पिनोशे यांच्याच अर्थमंत्र्यांची. हुकूमशहा नको, त्याने बांधलेली अर्थव्यवस्था हवी. ही भूमिका प्रामाणिक होती आणि ते अखेरपर्यंत तिच्याशी एकनिष्ठ राहिले. त्याच वर्षी ते सांतियागोतून सिनेटवर निवडून गेले.

१०/ १९९२ चा प्रसंग थोडक्यात. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षातल्याच एव्हलिन मातेई त्यांच्या प्रतिस्पर्धी होत्या. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्यांना कसे पेचात पकडावे, हे पिन्येरा एका मित्राला दूरध्वनीवर समजावत होते. हे संभाषण लष्करातल्या कुणीतरी चोरून ध्वनिमुद्रित केले, आणि रिकार्दो क्लारो या उद्योगपतीने स्वतःच्याच वाहिनीवर, एका छोट्या रेडिओवरून, साऱ्या देशाला ऐकवले. ध्वनिफीत पुरवण्यात मातेई यांचाच हात होता, असे पुढे निघाले. दोघांचीही उमेदवारी बुडाली. उद्योगपती आला की राजकारणातली घाण संपते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग सावकाश वाचावा.

११/ २००६ च्या जानेवारीत ते मिशेल बाचेलेत यांच्याकडून पराभूत झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘लॅन’च्या संचालक मंडळासमोर कंपनीचे आर्थिक निकाल आले. हे निकाल बाजारात जाहीर होण्यापूर्वीच, संचालक असलेल्या पिन्येरा यांनी कंपनीचे ३० लाख समभाग खरेदी केले. २००७ साली बाजार नियामकाने त्यांना दंड ठोठावला. आपण निर्दोष आहोत असे सांगत त्यांनी तो भरला.

लक्षात घ्या, त्यांना पैशाची कसलीही गरज नव्हती. ‘श्रीमंत माणूस खात नाही’ या युक्तिवादाचा पाया असा आहे की, लोभ ही उणिवेपोटी निर्माण होणारी गोष्ट आहे. ज्याने एका श्रीमंतालाही जवळून पाहिले आहे, त्याने हा युक्तिवाद करू नये.

१२/ इथे जरा मागे जाणे भाग आहे, कारण ‘व्यवस्थापकांचे सरकार’ ही चिलीत नवी कल्पना नव्हती. १९५८ साली होर्हे आलेसांद्री निवडून आले. देशातील सर्वांत मोठ्या कागदकंपनीचे ते प्रमुख. आयेंदे यांचा त्यांनी जेमतेम ३३ हजार मतांनी पराभव केला होता. मंत्रिमंडळात पक्षनेत्यांऐवजी तंत्रज्ञ आणि उद्योगक्षेत्रातली माणसे आली. या राजवटीला ‘व्यवस्थापकांची क्रांती’ म्हटले गेले. साध्वी प्रतिमा, साधी राहणी, हिशेबात चोख.

दोनतीन वर्षांतच परकीय चलनाचा पेच उभा राहिला आणि या निष्पक्ष व्यवस्थापकांना संसदेत बहुमतासाठी जुन्या पक्षाला सरकारात घ्यावे लागले. भूमिहीन शेतकऱ्यांचा प्रश्न कोणत्याच ताळेबंदात बसत नव्हता. १९६२ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला, तोही इतका किरकोळ की लोकांनी त्याला ‘कुंडीतली जमीनसुधारणा’ असे नाव ठेवले. कारभार नीटनेटका आणि प्रश्न जागच्या जागी. १९६४ च्या निवडणुकीत उजव्यांना स्वतःचा उमेदवारही देता आला नाही. १९७० मध्ये आयेंदे निवडून आले, त्याची मुळे शोधणाऱ्याने या कुंडीत डोकावून पाहावे.

१३/ आलेसांद्री यांच्यानंतर निवडणूक जिंकून सत्तेवर आलेला पहिला उजवा नेता म्हणजे पिन्येरा. जानेवारी २०१०, ५१.६ टक्के मते. मंत्रिमंडळ जाहीर करताना त्यांनी प्रत्येक मंत्र्याच्या हाती एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात त्या त्या खात्याची कामे भरलेली होती. परराष्ट्रमंत्री आले ते एका मोठ्या विक्री-साखळीच्या संचालक मंडळावरून. खाणमंत्री लॉरेन्स गोलबॉर्न हेही सुपरमार्केटांच्या ‘सेन्कोसुद’ या समूहाचे माजी महाव्यवस्थापक. खाणींशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. व्यवस्थापन आले की सारे आले, हे गृहीतक.

२७ फेब्रुवारीला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ११ मार्चचा शपथविधी भूकंपोत्तर धक्क्यांत पार पडला. सभागृहातले पाहुणे छताकडे पाहत होते. ५ ऑगस्टला सान होसेची खाण कोसळली.

१४/ आता त्या खाणीकडे नीट पाहू. बोधकथेत ती केवळ एक विवर आहे, तिला मालक नाही. वस्तुतः ती एका खासगी कंपनीची होती. अपघाती मृत्यूनंतर २००७ साली ती बंद करण्यात आली होती आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. खाण कोसळल्यावर कामगारांनी वायुवीजनाच्या विवरातून वर चढण्याचा प्रयत्न केला. तिथे शिड्या असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. खाणींच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे निरीक्षक मूठभर. आणि दुर्घटनेनंतर कंपनीने हात वर केले. बचावकार्य राहोच, पगार द्यायलाही पैसे नाहीत म्हणाली.

म्हणजे माणसे गाडली गेली ती खर्चकपातीच्या तर्काने आणि दुबळ्या केलेल्या सरकारी देखरेखीमुळे. कथेचा हा पूर्वार्ध व्यवस्थापनाच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही.

१५/ त्यांना वाचवले कुणी? बचावकार्याचे नेतृत्व आंद्रे सुगारेत या अभियंत्याकडे होते. ते ‘एल तेनिएन्ते’ खाणीतले, म्हणजे ‘कोदेल्को’चे. आणि कोदेल्को ही सरकारी तांबेकंपनी. आयेंदे यांच्या काळात, ११ जुलै १९७१ रोजी, चिलीच्या संसदेने तांब्याच्या मोठ्या खाणींचे एकमताने राष्ट्रीयीकरण केले, त्या वारशावर ती उभी आहे. इतके खासगीकरण करणाऱ्या पिनोशे यांनीही ती विकली नव्हती. कामगारांना एकेक करून वर आणणारी ‘फेनिक्स’ नावाची कुपी बांधली चिलीच्या नौदलाच्या गोदीत, तीही अमेरिकेच्या सरकारी अंतराळसंस्थेच्या सल्ल्याने.

खोदकामात परदेशी यंत्रे आणि खासगी कंत्राटदार होते, त्यांचे कौशल्य अव्वल होते, हेही सांगितले पाहिजे. पण खासगी मालकाने सोडून दिलेल्या माणसांसाठी खर्चाचा हिशेब न मांडता उभी राहिली ती सार्वजनिक यंत्रणा. कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात ते ३३ जण ‘वाचवणे परवडणारे’ ठरले नसते.

१६/ पिन्येरा यांचे श्रेय? आहे, आणि मोठे आहे. १७ दिवस खालून काहीच आवाज नव्हता. माणसे मृत निघाली असती, तर अपयश थेट त्यांच्या माथी बसले असते. तरीही त्यांनी जबाबदारी अंगावर घेतली. २२ ऑगस्टला छिद्रणयंत्राच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी वर आली : आम्ही तेहतीसही जण आसऱ्यात सुखरूप आहोत. १३ ऑक्टोबरला शेवटचा माणूस बाहेर आला. (ती चिठ्ठी त्यांनी पुढे जिथे तिथे दाखवली आणि खाणीतले दगड ब्रिटनच्या राणीलाही भेट दिले. मानवी आहे, सोडून देऊ.)

१७/ आता माझा मुख्य मुद्दा. त्या ६९ दिवसांत चिलीतल्या एकाही माणसाला ‘हे कामगार वर येऊ नयेत’ असे वाटत नव्हते. उद्दिष्ट निर्विवाद होते. उरला होता केवळ मार्गाचा प्रश्न : कोणते यंत्र, कोणत्या कोनातून, किती दिवसांत. अशा प्रश्नाला उत्तम व्यवस्थापक लागतो आणि पिन्येरा उत्तम व्यवस्थापक होते.

राजकारण सुरू होते ते उद्दिष्टांविषयीच मतभेद असतात तिथे. शिक्षण विकत घेण्याची वस्तू आहे की हक्क? म्हातारपणाची जबाबदारी एकट्याची की समाजाची? पाणी कुणाचे? या प्रश्नांवर कितीही खोल भोक पाडले, तरी खालून चिठ्ठी येत नाही. तिथे वाद ऐकावा लागतो, हरावे लागते, देवघेव करावी लागते. कंपनीत मतभेद असणाऱ्याला नारळ देता येतो. नागरिकाला नोकरीवरून काढता येत नाही.

१८/ याचा पुरावा लगेच मिळाला. २०११ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले. उत्पन्नाच्या तुलनेत चिलीतले उच्च शिक्षण जगातल्या सर्वांत महागड्यांपैकी होते, आणि शिक्षणाचा पायाभूत कायदा पिनोशे यांनी सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च १९९० रोजी, जारी केलेला. विद्यार्थिनेत्यांत कामिला वायेहो होत्या, जॉर्जियो जॅक्सन होते, गाब्रिएल बोरिच होते. त्या जुलैत एका तंत्रशिक्षण संस्थेच्या कार्यक्रमात राष्ट्राध्यक्षांनी शिक्षणाला उपभोग्य वस्तू म्हटले. ती गुंतवणूकही आहे, असेही ते म्हणाले होते; पूर्ण वाक्य सांगणे न्याय्य ठरेल. पण हक्क हा शब्द त्या वाक्यात नव्हता आणि विद्यार्थ्यांना नेमका तोच हवा होता. खाणीनंतर गगनाला भिडलेली लोकप्रियता वर्षभरात ३० टक्क्यांच्या खाली आली.

१९/ गोलबॉर्न यांचे काय झाले? खाणीमुळे ते देशाचे लाडके झाले, २०१३ साठी उजव्यांचे उमेदवारही ठरले. तेवढ्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : ‘सेन्कोसुद’ने २००६ साली आपल्या कार्डधारकांच्या शुल्कात परस्पर केलेली वाढ बेकायदा होती. तेव्हा महाव्यवस्थापक हेच. पाठोपाठ ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरील, जाहीर न केलेल्या एका कंपनीशी त्यांचे नाव जोडले गेले. उमेदवारी संपली. ज्या कार्डांनी पिन्येरा यांना श्रीमंत केले, त्याच कार्डांनी त्यांचा लाडका मंत्री बुडवला. इतिहास अधूनमधून अशी कोटी करतो.

२०/ आता ‘तो खाणार नाही’ या मुद्द्याकडे. राष्ट्राध्यक्ष होताना पिन्येरा यांच्याकडे ‘लॅन’चे सुमारे २६ टक्के समभाग होते. शिवाय ‘चिलेव्हिसियोन’ ही दूरचित्रवाहिनी, आणि ‘कोलो-कोलो’ या देशातल्या सर्वांत लोकप्रिय फुटबॉल क्लबच्या कंपनीतला वाटा. निकाल लागताच ‘लॅन’चा भाव वधारला, म्हणजे मालकाच्या विजयाने मालकाचीच मालमत्ता महागली. शपथविधीपूर्वी सर्व समभाग विकण्याचे आश्वासन होते; अखेरचा हिस्सा विकला गेला तो शपथविधी उलटून गेल्यावर. वाहिनी ऑगस्टमध्ये विकली. इतके महिने देशाचा राष्ट्राध्यक्षच एका वृत्तवाहिनीचा मालक होता.

देशांतर्गत गुंतवणुकीचा काही भाग त्यांनी २००९ मध्येच त्रयस्थांच्या स्वाधीन केला होता. परदेशातील गुंतवणूक मात्र त्यात नव्हती. २०१६ साली उघड झाले की, चिली आणि पेरू यांचा सागरी सीमेचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू असताना, पिन्येरा कुटुंबाच्या गुंतवणूक कंपनीने पेरूच्या ‘एक्सालमार’ या मासेमारी कंपनीचे समभाग घेतले होते. वादातले पाणी मासेमारीचेच. पुढे त्या चौकशीतून काही निष्पन्न झाले नाही. पण एका देशाचा प्रमुख खटला लढतो आहे आणि खटला हरल्यास ज्यांचा फायदा होईल त्यांत त्याच्याच घरचा पैसा आहे, ही स्थिती उद्भवावीच का?

२१/ आणि आता पेंग्विन.

ऑगस्ट २०१०. उत्तरेला पुंता दे चोरोसजवळ ‘बारांकोनेस’ हा कोळशावरचा वीजप्रकल्प येऊ घातला होता. जवळच हम्बोल्ट पेंग्विनांचे राष्ट्रीय अभयारण्य. प्रादेशिक पर्यावरण आयोगाने प्रकल्पाला मंजुरी दिली, लोक रस्त्यावर आले. पिन्येरा यांनी फ्रेंच वीजकंपनीच्या प्रमुखांना थेट दूरध्वनी केला आणि प्रकल्प रद्द झाला. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही कदाचित वाजवल्या असत्या. निर्णय योग्य होता; पद्धत मालकाची होती. नियम, आयोग, सुनावणी हे सारे बाजूला आणि साहेबांचा एक फोन.

त्याच परिसरात ‘दोमिंगा’ नावाचा खाणप्रकल्प होता, आणि त्यात पिन्येरा कुटुंबाचा मोठा वाटा होता. डिसेंबर २०१० मध्ये, फोननंतर चारच महिन्यांनी, तो प्रकल्प त्यांचे बालमित्र कार्लोस देलानो यांना १५ कोटी २० लाख डॉलरला विकला गेला. बहुतांश रक्कम ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरील कराराने. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे होते, आणि तिसऱ्या हप्त्याला एक अट होती : प्रकल्पाच्या क्षेत्रात खाणकामाला अटकाव करणारे पर्यावरणीय संरक्षण जाहीर होता कामा नये.

ते संरक्षण जाहीर करायचे की नाही, हे ठरवणारे सरकार कुणाचे होते, हे सांगायला नको. कुंपणाने शेत खाल्ले की नाही, यावर वाद घालता येईल. शेताचा सौदा कुंपणाच्या घरात झाला, यावर नाही.

२२/ पिन्येरा यांचे उत्तर असे होते की, कंपन्यांचा कारभार त्यांच्या हाती नव्हता, विक्रीची त्यांना माहिती नव्हती, आणि २०१७ मध्ये न्यायव्यवस्थेने हे प्रकरण निकालात काढले होते. हे उत्तर नोंदवणे माझे कर्तव्य आहे. ते पटणे हे माझे कर्तव्य नाही. अटीचा हा तपशील जगासमोर आला तो ३ ऑक्टोबर २०२१ रोजी, ‘पँडोरा पेपर्स’मधून. तोवर ते दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होते.

२३/ दुसरी कारकीर्द २०१८ साली सुरू झाली, ५४.६ टक्के मतांनिशी. पुढचे सारे काही ऑक्टोबर २०१९ च्या तीन आठवड्यांत सामावलेले आहे. ६ ऑक्टोबरला सांतियागोच्या मेट्रोचे गर्दीच्या वेळचे भाडे ३० पेसोंनी वाढून ८३० झाले. निर्णय तांत्रिक, तज्ज्ञांच्या समितीने सूत्रानुसार घेतलेला. अर्थव्यवहारमंत्र्यांनी सुचवले की पहाटे लवकर निघणाऱ्याला स्वस्त तिकीट मिळेल. वित्तमंत्री म्हणाले, फुलांचे भाव उतरले आहेत, रसिकांनी फुले द्यावीत. ८ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी एका मुलाखतीत सांगितले की, खळबळलेल्या लॅटिन अमेरिकेत चिली हे मरुद्यान आहे.

जरा आकडेमोड करू. २०१८ साली चिलीतल्या निम्म्या कमावत्या माणसांचे मासिक उत्पन्न ४ लाख पेसो किंवा त्याहून कमी होते. रोज दोन फेऱ्या, महिन्याचे २२ दिवस, ८३० पेसो. होतात ३६,५२०. म्हणजे चार लाख कमावणाऱ्याच्या पगारातला नऊ टक्क्यांहून अधिक भाग कामावर जाण्यायेण्यातच संपतो. सूत्र बरोबर होते. सूत्रात माणूस कुठे बसतो, हा रकानाच त्यात नव्हता.

२४/ १८ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रोची स्थानके जळत असताना राष्ट्राध्यक्षांचे एक छायाचित्र प्रसृत झाले. ते सांतियागोच्या श्रीमंत भागात, एका पिझ्झाच्या उपाहारगृहात, नातवाच्या वाढदिवसाला बसले होते. आजोबाने नातवाच्या वाढदिवसाला जाणे हा गुन्हा नाही. पण त्या रात्री देशात काय घडत होते, हेही विसरता येत नाही. मग आणीबाणी, रस्त्यावर लष्कर. २० तारखेला त्यांनी जाहीर केले की, देश एका बलाढ्य शत्रूशी युद्धात आहे. दुसऱ्या दिवशी राजधानीची जबाबदारी असलेल्या जनरल इतुरियागा यांनीच पत्रकारांना सांगितले की, आपण आनंदी माणूस आहोत आणि आपले कुणाशीही युद्ध नाही.

२५ ऑक्टोबरला एकट्या सांतियागोत दहा लाखांहून अधिक लोक रस्त्यावर होते. घोषणा होती : प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे.

२५/ किंमत कुणी मोजली? तीसहून अधिक मृत्यू. मानवाधिकार संस्थेच्या नोंदींनुसार ४०० हून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा, त्यांतल्या अनेक पोलिसांच्या छर्‍यांनी. फाबिओला काम्पियाई ही कामगार स्त्री रात्रपाळीला निघाली होती. पोलिसांच्या अश्रुधुराचे नळकांडे तोंडावर बसून तिची दृष्टी कायमची गेली. २०२१ मध्ये ती सिनेटवर निवडून आली. जाळपोळ आणि लुटालूटही झाली, त्यात छोटे दुकानदार भरडले गेले. हे न सांगणारा इतिहास अर्धवट. पण डिसेंबर २०१९ च्या पाहणीत राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा होता ६ टक्के. दोन वर्षांपूर्वी याच माणसाला ५४ टक्क्यांनी निवडले होते.

२६/ कोंडी फुटली कशी? पेन ड्राइव्हने नाही. १५ नोव्हेंबरच्या पहाटे संसदेच्या इमारतीत, रात्रभर घासाघीस करून, ज्यांना ‘नुसते बोलणारे’ म्हणून हिणवले जाते त्या पक्षनेत्यांनी नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्याचा करार केला. स्वाक्षरी करणाऱ्यांत बोरिच होते, आपल्याच पक्षाचा विरोध पत्करून. या वाटाघाटींना पिन्येरा यांनी वाट दिली, दुसऱ्यांदा लष्कर बाहेर काढले नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी राजकीय कृती हीच, आणि ती मालकी सोडण्याची होती. (पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये घटनेचे दोन्ही मसुदे लोकांनी फेटाळले. तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

२७/ महासाथीत पुन्हा तोच आकृतिबंध दिसतो. लसी लवकर, अनेक कंपन्यांकडून, धोरणीपणे खरेदी केल्या. लसीकरणात चिली जगात आघाडीवर होता. उद्दिष्ट निर्विवाद, खरेदीचे कौशल्य हुकमी, यश झळाळते. पण पोट भरण्याचा प्रश्न आला, तेव्हा सरकारची मदत अपुरी आणि उशिरा ठरली. जुलै २०२० मध्ये संसदेने लोकांना स्वतःच्या निवृत्तिनिधीतील १० टक्के रक्कम काढण्याची मुभा दिली. राष्ट्राध्यक्षांचा विरोध होता, त्यांच्याच आघाडीचे सदस्य फुटले. थोरल्या भावाने १९८० साली उभारलेल्या व्यवस्थेला भगदाड पाडणाऱ्या कायद्यावर धाकट्याला स्वाक्षरी करावी लागली.

२८/ ‘दोमिंगा’वरून नोव्हेंबर २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ७८ मतांनी महाभियोग मंजूर केला. एका सदस्याचे विलगीकरण मध्यरात्री संपणार होते. तो येईपर्यंत वेळ काढण्यासाठी हाइमे नारांहो हे खासदार जवळजवळ १५ तास बोलत राहिले. विलगीकरणातून धावत आलेला सदस्य म्हणजे २०११ चे विद्यार्थिनेते जॅक्सन. सिनेटमध्ये २९ मते हवी होती, २४ पडली. पिन्येरा यांनी मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२२ मध्ये पदाची सूत्रे बोरिच यांच्याकडे सोपवली.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी रांको सरोवरात त्यांचे हेलिकॉप्टर कोसळले. चालवत ते स्वतःच होते. बाकीचे तिघे वाचले. बोरिच यांनी शासकीय इतमामाने निरोप दिला. त्यानंतरच्या मृत्युलेखांतून खाणीची बोधकथा पुन्हा नव्याने फिरू लागली, आणि म्हणून हा धागा.

२९/ ‘एका उदाहरणावरून काय सिद्ध होते?’ असे प्रतिसाद येतीलच. शेजारी पाहा. अर्जेंटिनात माउरिसियो माक्री : २०१५ ला सत्तेवर, २०१८ मध्ये नाणेनिधीच्या दारात, त्या संस्थेच्या इतिहासातील तोवरच्या सर्वांत मोठ्या कर्जासाठी, २०१९ मध्ये पराभूत. इक्वेडोरमध्ये बँकर गियेर्मो लासो : २०२३ मध्ये महाभियोग दारात येताच स्वतःच संसद बरखास्त करून, मुदतीपूर्वी बाहेर. पराग्वेचे तंबाखूसम्राट ओरासियो कार्तेस यांच्यावर लिहायचे तर मला सवड आणि तुम्हाला संयम, दोन्ही लागेल.

३०/ मतभेद असणाऱ्यांचे स्वागत आहे, शिवीगाळ करणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही. एकच विनंती. खंडन करायचे असेल, तर त्याची सुरुवात तिसऱ्या हप्त्याच्या त्या अटीपासून करा. खाणीची गोष्ट मला ठाऊक आहे.